दार लावून खेळलेली फुगडी

अहो,

आयुष्यभर तुम्हाला एवढ्याच शब्दाने हाक मारली. आता मायन्यात ‘प्रिय’ आणि पुढे नाव वगैरे लिहायला गेले तर तुम्हीच चष्म्याच्या वरून बघाल माझ्याकडे, म्हणून राहू दे. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. सहा वर्षांत एक ओळ लिहिली नाही. तुमच्याशी बोलायचं ते भाकरी थापताना बोलते, देव पुसताना बोलते. पण आजचं बोलणं लांबलचक आहे आणि मधूनच उठून जाण्याची सवय मला चांगली आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून दुपारची भांडी तशीच टाकून वही घेऊन बसले.

परवा भडगावला जाऊन आले. तुमच्या अक्काला लकवा झालाय. तुमची उजवी बाजू गेली होती, तिची डावी गेली. वाचा शाबूत आहे. प्रकाशचा फोन आला होता समोरच्या दुकानात. म्हणाला, मामी, मामांचं सगळं तुम्ही केलं होतं, तुम्हाला यातलं कळतं, एकदा येऊन आईला बघून जा.

खरं सांगू? फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं! तुमच्या सख्ख्या बहिणीला लकवा झाला आणि तुमच्या बायकोला रस्ता ओलांडून घरी येईपर्यंत बरं वाटत होतं. घरात आले, चपला काढल्या, आणि मग स्वतःचीच शिसारी आली. तरी दोन दिवस गेले नाही. कपडे वाळवले, डाळी निवडल्या, नसती कामं काढली. तिसऱ्या दिवशी एस.टी.त बसले.

अक्काचे यजमान, नाना, गेले पौषात, ते तुम्हाला तिकडे कळलं असेलच. अक्काच्या घरात अजून वरीस फिरलेलं नाही. म्हणून रेडिओवर फडकं टाकलंय, टी.व्ही.चं कपाट बंद, पाडव्याला गुढी नाही, अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, पुरणाचं काही केलं नाही. त्या मुक्या घरात मधल्या खोलीत अक्का पडलेली. तोंड भिंतीकडे. सून बिचारी गरीब आहे. ती म्हणाली, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, पण हात लावला की आई अंगावर धावतात, परवा वाटी फेकली. मी मनात म्हटलं, रक्त एकच आहे.

माझा आवाज ऐकून अक्काने मान वळवली. इतकी वर्षं माझ्याशी चार शब्दांच्या वर बोलली नाही ती. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “माले उठाड, कमल.”

मला उठव, म्हणाली. औषध दे नाही, तेल लाव नाही. उठव. आणि मी काय केलं असेल? “बघू” म्हणाले, चहा प्यायले, आणि चारच्या गाडीने परत आले. पाचोऱ्याला गाडी अर्धा तास उभी होती. मी खिडकीशी बसून तुमच्यावर चिडत होते. तुम्ही असतात तर सांगितलं असतंत, जा किंवा जाऊ नको. सगळे निर्णय तुम्ही घेतलेत आणि सगळ्यात अवघड तेवढा माझ्यासाठी ठेवून गेलात.

तर आता पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे. पण मी ते कधी खरं सांगितलेलं नाही, कुणालाच. लोकांना एक सांगितलं, आपल्या लेकीला, सुनंदाला, एक सांगितलं, स्वतःला तिसरंच.

सुरुवात तुमच्यापासून करते, म्हणजे तुम्हाला म्हणायला नको की हिला माझंच दिसत नाही. लग्न होऊन मी जळगावला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. सोनगीरजवळच्या खेड्यातली. आमच्याकडे पोरी चालायला शिकतात आणि फुगडीला लागतात. माझ्यासारखी फुगडी पंचक्रोशीत नव्हती, हे मी नाही, माझ्या काकू सांगायच्या. पहिल्या श्रावणात आपल्या गल्लीतून कानबाई निघाली, रविवारी बसवलेली देवी सोमवारी विसर्जनाला. डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाया, पुढे ढोल, सगळी गल्ली नाचत मेहरूण तलावाकडे चाललेली. मला कुठला दम निघतो? पदर खोचला आणि शिरले. घरी आल्यावर तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही कधी ओरडला नाहीत हाच तर त्रास होता. पेपराची घडी घातलीत आणि म्हणालात, कचेरीतल्या माणसाची बायको रस्त्यावर नाचत नाही.

झालं. एका वाक्यात माझे पाय गेले. त्यानंतर एकवीस श्रावण मी दारात उभी राहून कानबाई बघितली. ओटी भरली, नमस्कार केला, आत आले. सवय होते हो माणसाला. पण दरवर्षी त्या सोमवारी माझं डोकं दुखायचं आणि तुम्ही अमृतांजन आणून द्यायचात. का दुखतं ते तुम्ही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मग एकोणनव्वदची होळी झाली आणि चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही दाढी करता करता मोरीत कोसळलात. अठरा दिवस दवाखाना. परत आलात ते उजवा हात, उजवा पाय आणि निम्मी जीभ तिकडेच ठेवून. काय अक्षर होतं तुमचं! अख्ख्या कचेरीतले अर्ज लोक तुमच्याकडून लिहून घ्यायचे. तो हात मांडीवर नुसता पडलेला. तुम्ही त्याच्याकडे बघायचात, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

डॉक्टरांनी व्यायाम सांगितले. पाय उचला, दहापर्यंत मोजा, खाली ठेवा. मी मोजायचे, एक, दोन, तीन, आणि चारला तुम्ही डाव्या हाताने उशी फेकायचात. कचेरीची शुद्ध मराठी बोलणारा माणूस, तुमच्या तोंडात शिव्या आल्या. आणि त्या शिव्याही आपल्या अहिराणीतल्या! तुम्हीच घरात बंद केलेली ती बोली. सुनंदाला तुम्ही ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हणू द्यायचा नाहीत. तीच बोली तेवढी तुमच्या जिभेवर उरली, बाकीची मराठी पुसली गेली. मला कधी हसू यायचं, कधी मोरीत जाऊन रडायचे. हळूहळू तुम्ही शिव्या द्यायचंही सोडलंत. दिवसभर भिंतीकडे तोंड. जेवण पुढे ठेवलं तर दोन घास. डॉक्टर म्हणाले, अंगापेक्षा मन जास्त खचलंय, त्यांना उभं करा काहीही करून. काहीही करून म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि कोण सांगणार?

श्रावणातला तो सोमवार. मी तुम्हाला शेजारच्या पोरांकडून उचलवून दारातल्या खुर्चीत बसवलं होतं, नुसतं वारा लागावा म्हणून. कानबाई आली. ढोल दारापाशी थांबला, गल्लीतल्या बायांनी फेर धरला. मी तुमच्या मागे उभी. आणि मला तुमचा पाय दिसला. उजवा. अंगठा ठेक्यावर हलत होता. तुम्हाला पत्ताही नव्हता. पाच महिने मी दहापर्यंत मोजत होते आणि हललं नव्हतं ते बोट!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दार लावलं. खिडकी ओढून घेतली. सुनंदाच्या पुढ्यात डालड्याचा रिकामा डबा ठेवला आणि म्हटलं, कालचा ठेका वाजव, हळू. तुम्हाला खाटेच्या कडेला बसवलं, दोन्ही हात धरले, फुगडीला धरतात तसे, आडवे. तुम्ही मान हलवून नको म्हणालात. मी ऐकलं नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा तुमचं ऐकलं नाही.

उभं केलं. सगळा भार माझ्या मनगटांवर. मी नुसतं डुलायला लागले. उजवीकडे, डावीकडे. पाऊलसुद्धा उचललं नाही. त्याला फुगडी म्हटलं तर माझ्या काकू उठून मारतील. आठ ठेके तुम्ही उभे राहिलात, मग गुडघा मुडपला आणि आपण दोघं खाटेवर पडलो. सुनंदा घाबरून उठली. मला वाटलं, आता उशी येते. तुम्ही धापा टाकत होतात. आणि मग ती निम्मी जीभ वळवून म्हणालात, “आखो.”

आणखी. कित्येक महिन्यांनी तुम्ही मागितलेली ती पहिली गोष्ट.

त्यानंतर रोज दुपारी, सुनंदा कॉलेजातून आली की. आधी दार, मग डबा. कधी रेडिओवर चांगला ठेका लागला तर डब्याला सुट्टी. दसऱ्याला तुम्ही खाटेपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत डुलत आलात, माझे हात धरून. पाऊल टाका म्हटलं की तुमचं पाऊल पडत नव्हतं, पण ठेक्यावर डुललं की आपोआप पुढे सरकायचं. का, ते मला कळत नव्हतं. तुम्ही जेवायला लागलात. वांग्याचं भरीत मागून घेतलंत, त्यात तिखट कमी आहे म्हणून तोंड वाकडं केलंत! मला तर वाटलं नवस फेडावा. आणि मला, मलाही झोप लागायला लागली. माझी कंबर, माझं डोकं, सगळं सुटल्यासारखं झालं. सुनंदा म्हणाली, आई, तू गुणगुणतेस आजकाल.

एकदा डुलता डुलता तुम्ही थांबलात आणि रडलात. डाव्या हाताने माझा पदर ओढून तो खोचायची खूण केलीत. तुम्हाला तो पहिला श्रावण आठवत होता, हो ना? मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

भाऊबीजेला तुम्ही दरवर्षी भडगावला जायचात. त्या वर्षी अक्का आपल्याकडे आली, न कळवता, दुपारी. दार लावलं होतं, कडी घालायची राहिली होती. ती आत आली तेव्हा मी तुमचे हात धरून डुलत होते, सुनंदा डबा वाजवत होती आणि तुम्ही हसत होतात. तुमचं ते वाकडं हसू.

अक्काच्या हातातून पिशवी पडली. म्हणाली, “हाई काय शे, कमल? नवरा दुखणाईत शे नि तू फुगड्या खेळी राहिनी?”

मी समजावलं. पाय दाखवला, उंबऱ्यापर्यंत येतात म्हणून सांगितलं. तिला काही ऐकू येत नव्हतं. ती तुमच्यापुढे खाली बसून रडत होती, माझ्या भाऊचं माकड केलं म्हणून. मी तिचा राग तेव्हापासून धरला. पण आज लिहिताना वाटतं, तुमची आई गेली तेव्हा तुम्ही चार वर्षांचे होतात आणि अक्का बारा वर्षांची. तिनेच तुम्हाला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत सोडलं, कचेरीच्या परीक्षेची फी भरायला स्वतःच्या पाटल्या काढून दिल्या. तो तिचा भाऊ, गावात ज्याच्याकडे बघून लोक पोरांना शिकवायचे, तो असा तोल जाऊन डुलतोय, ते तिला बघवलं नसेल. दुखणेकऱ्याने पडून राहायचं असतं, एवढंच तिला ठाऊक होतं. मलाही तेवढंच ठाऊक होतं की, श्रावणापर्यंत.

पण खरा घाव तिने स्वयंपाकघरात घातला. सुनंदाचं धुळ्याचं स्थळ तिनेच आणलं होतं, चांगलं, नोकरीचं. त्यांच्या घरातलं वळण कडक. अक्का म्हणाली की त्यांच्या कानावर गेलं, बाप अर्ध्या अंगाचा आणि आई दार लावून नाचते, तर पोरगी घरात बसेल. लग्न होईपर्यंत हे बंद कर. मग काय करायचं ते कर.

आणि मी हो म्हटलं. लगेच. एक शब्द भांडले नाही.

लोकांना मी सहा वर्षं सांगत आले की अक्काने बंद करवलं. खोटं नाही ते. पण अक्का भाऊबीज करून दुसऱ्या दिवशी भडगावला निघून गेली. कडी माझ्या घराची होती, मी घालू शकले असते. मी नाही घातली, कारण मलाच लाज वाटली. तिच्या डोळ्यांनी मी एकदा आपल्याकडे बघितलं, पन्नाशीचा लुळा माणूस आणि चाळिशीची बाई, डालड्याच्या डब्यावर डुलतायत, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा मला तुमची पेपराची घडी आठवली. तुमचंच वाक्य मी तुमच्यावर उलटवलं.

तुम्हाला मी काय सांगितलं, आठवतं? डॉक्टरांनी जरा विश्रांती सांगितलीय. ते ऐकून तुम्ही माझ्याकडे असे बघितलंत की मी पातेलं घासायला उठले.

हिवाळा कसा काढला ते विचारू नका. तुम्ही पुन्हा भिंतीकडे तोंड केलंत. मी तेल चोळायचे, अक्काने पाठवलेलं कसलंसं काळं तेल, वासाने मळमळायचं. पाय काठीसारखा ताठ होत चालला. मला दिसत होता. मी स्वतःला म्हणायचे, वैशाखापर्यंत. वैशाखात लग्न झालं की त्याच दुपारी डबा काढीन.

माघातली एक दुपार आहे. ही मी कुणालाच सांगितलेली नाही, सुनंदालासुद्धा नाही. ती कॉलेजात होती. शेजारी कुणाकडे रेडिओ मोठ्याने लागला होता, ढोलकीचा ठेका. तुम्ही वळलात. किती वेळाने माझ्याकडे बघितलंत. आणि डावा हात पुढे केलात, तळवा वर. काय हवंय ते मला कळलं. आंधळ्यालाही कळलं असतं. ओट्यावर शेजारीण गहू निवडत होती, दार उघडं होतं. मी उठले, माठातून पाणी घेतलं आणि तुमच्या हातात पेला दिला.

तुम्ही पाणी प्यायलात. सगळं. पेला परत दिलात आणि वळलात. त्यानंतर तुम्ही हात पुढे केला नाही.

अहो, तुम्ही तो पेला फेकला का नाहीत? उश्या फेकल्यात, वाट्या फेकल्यात, तो पेला माझ्या कपाळावर मारायचा होतात. मी दार लावलं असतं. शप्पथ सांगते, लावलं असतं. तुम्ही शहाण्यासारखं पाणी प्यायलात ते मला अजून घशाखाली उतरत नाही.

लग्न धुळ्याला झालं, त्यांच्याकडे. तुम्हाला गाडीत बसवायचा प्रयत्न केला. पाय दुमडेना, तुम्ही कळवळलात, पोरांनी परत आणून निजवलं, शेजारीण तुमच्यापाशी थांबली. उंबऱ्यापर्यंत येणारा माणूस गाडीत बसू शकला असता हो. मांडवात दोन तास खुर्चीत बसू शकला असता. कन्यादान अक्का आणि नानांनी केलं. सुनंदा अंतरपाटाआडून सारखी दाराकडे बघत होती, जसं काही तुम्ही येणारच होतात. वरातीत तिच्या सासरची माणसं नाचली, सगळी, कडक वळणाची तिची सासूसुद्धा. मला हात धरून ओढत होत्या त्या. मी म्हटलं, माझे पाय दुखतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी जळगावला आले. अंगावरची लग्नाची साडीही बदलली नाही. दार लावलं, तुम्हाला बसवलं, दोन्ही हात धरले. डबा वाजवायला कुणी नव्हतं, मी तोंडाने ठेका धरला. ओढलं तुम्हाला. तुम्ही उठायला बघितलंत, खरंच बघितलंत, कपाळाला घाम आला. पाय हललाच नाही. मी परत ओढलं. तेव्हा तुम्ही माझ्या मनगटावर बोटं थोपटलीत, लहान पोराला थोपटतात तसं, आणि म्हणालात, “आते नको.” आता नको.

आणि मी ऐकलं. तुम्हाला निजवलं, पांघरूण घातलं. आषाढात तुम्ही गेलात.

दहाव्याला अक्का मला मिठी मारायला आली तेव्हा मी बाजूला सरकले. सगळ्यांनी बघितलं. त्यानंतर सहा वर्षं तिच्या घरचं लग्न असो की बारसं, मी हजेरी लावली आणि न जेवता परत आले. कुणी विचारलं तर म्हणायचे, तिने माझ्या माणसाचे पाय बांधले. ऐकणारी बाई हळहळायची, आणि तेवढ्यापुरतं मला हलकं वाटायचं.

गेल्या वर्षी माझा खांदा धरला. वेणी घालता येईना. सुनंदाने धुळ्याला नेलं, तिच्या घराजवळ एक ताई आहेत, व्यायाम शिकवतात. मला वाटलं, पुन्हा एक, दोन, तीन. गेले तर आठ-दहा बाया, माझ्याच वयाच्या, कुणी वाकलेल्या, कुणी काठी टेकत आलेल्या. ताईंनी कॅसेट लावली आणि म्हणाल्या, डोळे मिटा, नुसतं डुला, जेवढं अंग देईल तेवढंच. मी डुलले. दोन मिनिटं झाली असतील, आणि मला हुंदका फुटला, थांबेचना. ताई जवळ आल्या, म्हणाल्या, होतं असं, अंग सैल झालं की आत दाबलेलंही वर येतं, येऊ द्या. मी त्यांना विचारलं, लकव्याच्या माणसाला हे चालतं का? त्या म्हणाल्या, चालतं का म्हणजे? धरून, हळूहळू, डॉक्टरांना विचारून, रोज करायचं, ठेक्यावर पाऊल लवकर पडतं. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, पण माणूस निदान भिंतीकडे तोंड करून पडत नाही. मध्ये सोडायचं मात्र नाही, म्हणाल्या.

मी पिशवी उचलली आणि घरी आले. सुनंदा विचारत राहिली, खांदा दुखला का. मी हो म्हटलं.

म्हणजे आपलं बरोबर होतं. त्या बंद खोलीत, डालड्याच्या डब्यावर, माझ्या सातवी पास डोक्याने जे केलं ते बरोबर होतं. एवढं कळायला मला धुळ्याला जावं लागलं, आणि कळून उपयोग काय? कधी वाटतं, कळलंच नसतं तर बरं झालं असतं. अडाणीपणाच्या पांघरुणाखाली पडून तरी राहिले असते.

आणि आता अक्का म्हणते, मला उठव. तिला कसं कळलं असेल? त्या भाऊबीजेला रडता रडता तिने तुमचा पाय बघितला होता का? बघितला असेल तर सहा वर्षं तीही माझ्यासारखीच जळत असेल. हे मला परवा पाचोऱ्याच्या स्टँडवर सुचलं आणि तुमच्यावरची चीड तिथेच गळाली.

काल प्रकाशला फोन केला. सगळं सांगितलं, काय करणार ते. तो म्हणाला, मामी, नानांना वर्ष झालेलं नाही, भाऊबंद बाहेर ओट्यावर बसलेले असतात, घरात ठेका वाजला आणि आई डुलताना कुणी बघितली तर? आधीच विधवा बाई. पौषापर्यंत थांबलं तर नाही का चालणार?

थांबलं तर नाही का चालणार! मी त्याला म्हटलं, बाबा, याच वाक्यावर मी तुझ्या मामाला घालवलंय.

मला भीती वाटते, लपवत नाही. सत्तरीला आलेली अक्का, अठ्ठेचाळीस वर्षांची मी, दोघींची कपाळं पांढरी, आणि दुखवट्याच्या घरात एकमेकींचे हात धरून डुलायचं. लोक नावं ठेवतील. तोंडावर ठेवतील. आणि नुसते लोकच नाहीत. तिचा हात हातात घेतला की मला तुमचा हात आठवणार, आणि मी तो सोडून उठून जाईन की काय, याची जास्त भीती आहे. मी उठून जाणारी बाई आहे. ते तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही.

तिचं अंग उठेल की नाही, मला ठाऊक नाही. मी तिच्यासाठी जातेय की तुमच्यासाठी की माझ्याच मानेवरचं ओझं उतरवायला, तेही ठाऊक नाही. तुम्ही काही बोलत नाही. तुम्ही बोलत होतात तेव्हा तरी मी कुठे ऐकलं!

तर वचन देते, तुम्हाला, कागदावर. उद्या सकाळच्या सातच्या गाडीने भडगावला जाते. दोन साड्या नाही, पेटी भरून घेतलीय. तिथल्या डॉक्टरांना आधी विचारीन. मग तिला उठवीन, ओट्यावर कुणीही बसलेलं असो. पहिल्या दिवशी तिला सांगीन की तुमचे पाय तिने नाही, मी बांधले. ती रागावेल, मला घरातून हाकलेल, काहीही फेकेल. फेकू दे. आणि एक दिवस तिचं अंग थकेल, ती माझ्या मनगटावर बोटं थोपटून म्हणेल, आते नको. त्या दिवशी मी पांघरूण घालणार नाही. तिथेच तिच्याजवळ बसून राहीन, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारीन.

तुमची,
कमल